दसऱ्याला धुतलेला पंख

आमच्या कामाचा पहिला नियम असा, की सुई लावायची नाही. चाळीस वर्षं ब्लाउज, शाळेचे गणवेश आणि ट्रकांच्या ताडपत्र्या शिवलेल्या बाईला कोणी हे सांगितलं तर तिला हसू येणार नाही का? मलाही आलं होतं. आता मीच दुसऱ्यांना दरडावून सांगते.

काम काय ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही पान उलटाल. मी पंख तपासते. देवरीच्या एसटीत शेजारच्या बाईनं विचारलं आणि मी हे उत्तर दिलं, की ती पिशवी मांडीवर घेऊन जराशी सरकून बसते. माणसं घेऊन उडतो तो पंख, पॅराग्लायडर म्हणतात त्याला, असं सांगितलं की आणखी सरकते.

सडक अर्जुनी आणि देवरीच्या मधे हायवे सोडून आत आलं की आमचं गाव. मागे टेकडी, टेकडीखाली धानाच्या बांध्या म्हणजे खाचरं, बांध्यांच्या पलीकडे जुना तलाव आणि तलावाच्या पाळीला लागून गुरांचं पडीत. टेकडीची पूर्वेकडची बाजू उघडी आहे, झाडं नाहीत. हिवाळ्यात वारा त्याच बाजूनं येतो आणि उतारावरून वर चढतो. आम्ही जन्मभर त्या वाऱ्याला नावं ठेवली, की चुलीतला धूर घरात घालतो म्हणून. माझ्या बहिणीच्या मुलानं, धनराजनं, त्याच वाऱ्यावर धंदा काढला.

धनराज पाच-सहा वर्षं हिमाचलात टुरिस्टांची गाडी चालवायला होता. तिथं तो उडायला शिकला, परीक्षा दिल्या, कागद मिळवले आणि परत येताना पाठीवर हे गाठोडं घेऊन आला. दोन माणसांचा पंख. समोर गिऱ्हाईक, मागे हा. जंगल खात्याच्या आणि इतर परवानग्या मिळवायला त्याला जेवढे दिवस लागले तेवढ्यात मी दोन लग्नांचे कपडे शिवून दिले असते. दिलेही.

मग एक दिवस तो दुकानात आला आणि गाठोडं माझ्या कटिंगच्या टेबलावर ठेवलं. पंख बोरीच्या काट्याला लागून फाटला होता, बोटाच्या पेराएवढा. मी म्हटलं, एवढंच ना, आण इकडे, आणि सगळ्यात बारीक सुई ओवली. त्यानं माझ्या हातातून सुई काढून घेतली. मी त्याला लहानपणी चड्ड्या शिवून दिल्या होत्या, त्यामुळे मला रागच आला.

"सुईचं भोक वाऱ्यानं वाढत जाते वो मावशी," तो म्हणाला. "हे कापड हवा धरून ठेवते म्हणून आपण वर राहतो."

लहान फाटकं असेल तर दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीचा तुकडा लावायचा, आणि तुकड्याचे कोपरे गोल कापायचे, कारण कोपरा राहिला की पट्टी तिथूनच उचलते. त्याहून मोठं काही असेल, शिवण उसवली असेल, दोरी खरचटली असेल, तर पंख सरळ कारखान्यात पाठवायचा. आपण शहाणपणा करायचा नाही. गोल कोपरा मात्र मी पहिल्याच वेळी असा कापला की धनराज पाहत राहिला. त्याच दिवशी त्यानं मला कामाला लावलं. माझ्यावर सोपवलं ते पाहायचं काम. फक्त पाहायचं. ऐकायला सोपं वाटते.

बाहेरच्या माणसाला पंख समजावून सांगायचा तर मी उशीच्या अभ्र्यापासून सुरू करते. शेजारी शेजारी लावलेले लांब अभ्रे समजा, सगळ्यांची तोंडं पुढच्या बाजूनं उघडी. वारा तोंडातून आत शिरतो, अभ्रे फुगतात आणि कापडाचा पंख होतो. आत काडी नाही, लोखंड नाही, नुसती हवा. खालून त्याला दोऱ्या असतात, पुढच्या, मधल्या, मागच्या अशा रांगांनी. सगळ्या दोऱ्या दोन पट्ट्यांना येऊन मिळतात, पट्टे कड्यांना, आणि कड्यांना ही दोन माणसं. सगळ्यात मागे लगामाच्या दोऱ्या, त्या धनराजच्या दोन्ही मुठींत. लगाम ओढला की पंख हळू होतो. फार ओढला की उडायचंच विसरतो आणि दगडासारखा खाली येतो. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता त्याचे नखरे. उन्हात पसरून ठेवला की कापड कुजते, सुती कापडासारखं डोळ्यांना दिसत नाही, पण कुजते. ओला गुंडाळला की वास मारतो. धान कापणीच्या दिवसांत अभ्र्यांत नाकतोडे शिरतात. ते आत चिरडले तर त्यांचा रस कापड खातो, म्हणून घडी घालायच्या आधी एकेक कप्पा झटकून त्यांना बाहेर काढावं लागते. खळ्यावर घडी घातली तर तणसाचे तुकडे दोऱ्यांत अडकतात. आणि त्यावर कोणी बसायचं नाही, पाय द्यायचा नाही, लेकरू खेळवायचं नाही. गावातल्या बाया म्हणतात, मावशीनं आपल्या नातवंडांचं एवढं केलं नाही. खरं आहे. नातवंडं पडली तर गुडघा फुटतो, एवढंच.

प्रत्येक उड्डाणाआधी मी डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत जाते. कापड, दोऱ्या, गाठी, पट्टे, कड्या, मग गिऱ्हाइकाचं आसन, आणि शेवटी मांड्यांचे पट्टे. मांड्यांचे पट्टे राहिले तर माणूस वर गेल्यावर खाली सरकतो आणि मग त्याला धरायला कोणी नसते. ते मी डोळ्यांनी पाहत नाही, हातानं ओढून पाहते. बाईच्या जागी पुरुष असला तरी. लाजायचं तर घरी लाजा. मी पट्टे ओढून बाजूला झाले की धनराज विचारतो, "पायलं का वो मावशी?" आणि मी म्हणते, "पायलं गा." मी तसं म्हटल्याशिवाय तो पाऊल उचलत नाही. हा आमचा रिवाज.

या पट्ट्यांवरून एकदा गोंदियाची एक होणारी नवरी माझ्याशी भांडली होती. लग्नाआधीचे फोटो काढायला आली होती, घागरा घालून. घागरा एवढा की त्यात माझं दुकान मावलं असतं. मी म्हटलं, पोरी, घागऱ्यावरून मांडीचा पट्टा बसत नाही. ती म्हणाली, "आंटी, बस दो मिनट की तो बात है." मी म्हटलं, पडायला दोन मिनिटंही लागत नाहीत. नवरदेव मधे पडला, मी ऐकलं नाही. शेवटी तिला मी माझ्या पिशवीतलं लुगडं नऊवारीसारखं काष्टा घालून नेसवलं, त्यावर पट्टे आवळले, आणि ती उडाली. नंतर कळलं, लग्नाच्या हॉलच्या दारात तिनं तोच फोटो लावला होता, काष्ट्यातला. माझं लुगडं काही परत आलं नाही.

आणि सुखदेवभाऊ. त्यांच्या बांध्या टेकडीच्या अगदी पायथ्याशी. त्यांचा नि त्यांच्या भावाचा धुऱ्यावरून, म्हणजे दोन शेतांमधल्या हद्दीच्या बांधावरून वाद, धुरा कोण सरकवतो यावरून. तर सुखदेवभाऊ उडायला आले ते आकाश पाहायला नाही, धुरा वरून वाकडा दिसते का ते पाहायला. धनराजनं त्यांना बांधीवरून दोनदा फिरवलं. खाली आल्यावर मी विचारलं, काय दिसलं? ते बराच वेळ डोक्याची टोपी झटकत राहिले.

"धुरा दिसतच नाही वो," ते म्हणाले. "सगळी बांधी एकच दिसते."

वाद मिटला असं मी म्हणणार नाही. पण त्यानंतर दोघं भाऊ भांडायचे ते बसून.

आता ज्या गोष्टीसाठी मी लिहायला बसले ती सांगते. आतापर्यंत ती मी कोणाला अशी सलग सांगितलेली नाही.

पावसाळ्यात पंख पिशवीत असतो आणि आमचा हंगाम तेव्हा दसऱ्याला उघडायचा. त्या वर्षी दसऱ्याच्या आधी धनराज नागपूरला गेला होता. आसनाला एक जादा छत्री असते, अडीअडचणीची, तिची घडी ठराविक दिवसांनी उघडून नव्यानं घालून घ्यावी लागते. त्या कामाला तो गेला आणि अडकला. पंख माझ्याकडे होता. मी पिशवी उघडली तर पावसाळ्याचा कोंदट वास आला. कापडावर मागच्या हंगामाची माती होती, हातांचे डाग होते.

दसऱ्याला आमच्याकडे हत्याराची पूजा असते. आदल्या दिवशी सगळं गाव तलावावर धुवायला जाते. कोणी नांगर धुते, कोणी मोटरसायकल, कोणी विळे, कोणी बैलगाडीची चाकं. मी माझं मशीन उघडून पुसलं, तेल दिलं, कात्री घासली. आणि मनात आलं, सगळ्यांची हत्यारं उद्या स्वच्छ होऊन पूजेला बसतील, आणि जो आमचं पोट भरून राहिला तोच एकटा मळका बसेल का?

धनराजनं सांगितलं होतं, माती लागली तर ओल्या फडक्यानं पुसायचं. धुवायचं नाही असं त्यानं वेगळं सांगितलं नव्हतं, कारण कोणी धुवेल असं त्याला वाटलंच नव्हतं. मी शेजारणीला घेतलं, पंख तलावावर नेला, लुगडी हिंदळतात तसा पाण्यात हिंदळला, साबणाची पूड लावली, आणि दुपारभर पाळीच्या गवतावर वाळवला. काय दिसत होता म्हणता. नवा. संध्याकाळी मी दोऱ्या हातातून काढून पाहिल्या, एकही खरचटलेली नाही. डावी बाजू उजवीला लावून पाहिली, जशा बाह्या लावून पाहते तशी. दोन्ही सारख्या. मी खूश होऊन झोपले.

दसऱ्याच्या सकाळी टेकडीवर सगळं गाव. धनराज नागपूरहून सरळ तिथंच आला. दर वर्षी हंगामाच्या आदल्या संध्याकाळी तो पडीतात पंख नुसता डोक्यावर उभा करून पाहतो, त्या वर्षी ते राहिलं होतं. पहिलं गिऱ्हाईक वनिता, आमच्या अंगणवाडीची सेविका. दोन वर्षांपासून तिचं चाललं होतं, मले उडव, मले उडव. नव्या सलवारकुर्त्यात आली होती आणि अंगणवाडीची सगळी लेकरं खाली पडीतात आणून उभी केली होती. बाईला उडताना पाहायला.

धनराजनं पंख पसरला आणि मान वळवली.

"चमकून राहिला वो मावशी. पुसला का?"

आजूबाजूला एवढी माणसं. मला वाटलं, धुतला म्हटलं तर हा इथंच सगळ्यांसमोर बोलेल. मी म्हटलं, "पुसला गा."

एवढीशी गोष्ट. मग मी फेरी मारली, कापड, दोऱ्या, कड्या, वनिताच्या मांड्यांचे पट्टे. त्यानं विचारलं, पायलं का. मी म्हटलं, पायलं.

पहिल्या वेळी पंख उठला तो डोक्यावर आलाच नाही, मागेच लोंबत राहिला. धनराज थांबला. वारा कमी आहे म्हणाला. दुसऱ्या वेळी दोघं जोरात धावली, वनिता तर अशी धावली की चप्पल मागे राहिली असती, पण पायांत बूट होते, मीच घालायला लावलेले. आणि गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. मला काहीतरी वेगळं दिसत होतं आणि काय ते कळत नव्हतं. एरवी पंख टेकडी सोडली की पुढे सरकत जातो. तो सरकत नव्हता. बसत होता. धनराजचे दोन्ही हात एकदम वर गेले, लगाम पूर्ण सोडला त्यानं, मग पट्ट्यांवरच्या चापांकडे हात गेले, पंखाला वेग द्यायचा असला की ते सोडतात. तरी उतरायचं पडीत लांबच राहिलं. बांध्यांच्या वर, धान उभं, आणि ती दोघं धानाकडे येत होती.

मी लुगडं खोचलं आणि उतारावरून पळाले. माझं वय तेव्हा साठीच्या पुढे. कशी पळाले ते मला विचारू नका.

सुखदेवभाऊंच्या बांधीत पडली होती ती. बांधीत पाणी नि चिखल होता म्हणून वाचली. वनिता कमरेपर्यंत चिखलात बसून रडत होती आणि मधेच हसत होती, एक पाय धरून. धनराज तिच्यामागे गुडघ्यांवर, तोंड पांढरं. पंख धानावर आडवा. सुखदेवभाऊ धुऱ्यावर उभे. त्यांचं धान लोळलं होतं, पण ते धानाचं एक अक्षर बोलले नाहीत. वनिताला उचलायला खाली उतरले आणि म्हणाले, "मले धुरा दाखवाले वर नेलं, आता तूच पाहाले आला का गा?" सगळे हसले. लोकांना हसायचंच होतं, जीव भांड्यात पडला होता.

धनराज हसला नाही. त्यानं तिथंच, चिखलात उभं राहून, सगळ्यांना सांगितलं की चूक माझी आहे, पहिल्याच वेळी पंख उठला नाही तेव्हा मी थांबायला पाहिजे होतं. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते आणि हे ऐकत होते. तोंड उघडायला तीच वेळ होती. मी वाकून पंखाची घडी करायला लागले.

वनिताला मोटरसायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. हाड मोडलं नव्हतं, पाय मुरगळला होता. मी घरी पंखावरचा चिखल ओल्या फडक्यानं पुसत बसले. पुसता पुसता हाताला लागलं. मी पट्टे एका खिळ्याला अडकवून दोऱ्या ताणल्या तर पुढच्या दोऱ्या ताठ आणि मागच्या त्याहून आधी ताठ. डावी-उजवी मी तपासली होती, दोन्हीकडं सारख्याच आटल्या होत्या. पुढची मागचीला लावून मी पाहिलीच नव्हती. नवं कापड पहिल्या धुण्यात आटते हे ज्या बाईनं गावातल्या निम्म्या बायांना सांगितलं, ब्लाउजचं कापड आधी भिजवून आणा म्हणून ज्यांना परत पाठवलं, तिला दोरी आटेल हे सुचलं नाही. पुढच्या दोऱ्या माणसांच्या वजनानं परत ताणल्या गेल्या होत्या, मागच्या दोऱ्या आणि लगाम आखूडच राहिले होते. म्हणजे धनराजनं हात वर केले तरी लगाम ओढलेलाच. मघाशी म्हटलं ना, लक्षात ठेवा.

ऊन उतरायच्या आत मी त्याच्याकडे गेले. घरातल्या बाया आपट्याची पानं वाटायला बाहेर गेल्या होत्या. तो ओट्यावर बसून मोबाईलवर लोकांना कळवत होता, की उड्डाणं बंद. किती दिवस? कायमची, म्हणाला. माणसं बसवायची आपली लायकी नाही. मी म्हटलं, धनराज, मी पंख पुसला नाही. मी धुतला. तलावात. साबणानं.

त्यानं मोबाईल ओट्यावर ठेवला. मग विचारलं, दोऱ्याही भिजल्या? मी म्हटलं, सगळं भिजलं. तो उठून विहिरीपर्यंत गेला आणि परत आला.

"धुतला त्याचं काही नाही वो मावशी," तो म्हणाला. "माणूस न समजून करते. तिथं टेकडीवर मले काऊन नाही सांगतलं? सांगतलं असतं तर मी आज उडालो नसतो. उद्या उडालो असतो."

मी पंख ठेवायच्या कपाटाची किल्ली आणि तपासणीची वही त्याच्या ओट्यावर ठेवली. म्हटलं, आता दुसरं कोणी पाहा, या हातांवर माझाच भरवसा नाही. आणि निघाले. त्यानं थांब म्हटलं नाही.

पंख हिमाचलात गेला, तिथं त्याचे मास्तर आहेत, दुरुस्तीचं काम करतात. निरोप आला. मागच्या दोऱ्या कुठे दोन बोटं तर कुठे तीन बोटं आखूड, सगळ्या नव्या टाकाव्या लागतील. साबणानं कापडाचं आयुष्य थोडं खाल्लं, पण अजून हवा धरते. तोवर मी ब्लाउज शिवले आणि दोन दिवस सुखदेवभाऊंच्या बांधीत धान कापायला गेले. जेवढं लोळलं होतं तेवढं तरी माझ्या हातानं उचलावं म्हणून. ते नको नको म्हणत होते आणि विळा मात्र आधीच काढून ठेवला होता.

वनिताकडे मी रोज जात होते. तिला खरं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पाय उशीवर ठेवलेला, आणि म्हणाली, "म्हणजे मावशी, मी उडाली तेही धुतलेल्या पंखावर. माझ्या लुगड्याले तर धोबीही भेटत नाही." मी तिच्या पायाला तेल लावत होते, मान खालीच ठेवली.

धान कापून झाल्यावर पंख परत आला. धनराज दुकानात आला, गाठोडं टेबलावर ठेवलं, त्याच्यावर वही ठेवली, वहीवर किल्ली. आणि एक छापील कागद दिला. त्यावर प्रत्येक दोरीची लांबी आकड्यांत. म्हणाला, हे सगळं मोज. पाच किलोचं वजन लावून, दोरी ताणून, टेपनं. मी सातवी शिकलेली, पण आकडे मला कोणत्याही भाषेत वाचता येतात, ब्लाउजची मापं आयुष्यभर दुसरं काय होती? दोन दिवस लागले. वाण्याकडून पाच किलोचं माप आणलं होतं, तो दर तासाला विचारायला यायचा की झालं का. प्रत्येक दोरीपुढे मी वहीत आकडा लिहिला. एकदा लिहून झाल्यावर पुसला नाही, परत मोजून बाजूला दुसऱ्यांदा लिहिला. कागदाशी जुळवलं. जुळलं.

मी धनराजला सांगितलं, झालं. तो म्हणाला, "मग पहिली तूच बसजो."

मी नाही म्हटलं. सगळी कारणं सांगितली. वय, गुडघे, लोक काय म्हणतील. तो म्हणाला, ज्यानं पंख पाहिला त्यानंच पहिलं बसायचं, आता आपल्याकडे असाच नियम. आताच केला.

वनितानं तिचा सलवारकुर्ता आणून दिला, तोच, चिखलाचे डाग राहिलेला. सुखदेवभाऊ खाली बांधीत उभे होते. आता धान कापून झालं होतं, तिथून ते ओरडले की मोकळी आहे, पडा कुठंही. त्यांना वाटलं त्यांनी धीर दिला.

मी डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत गेले. मग धनराजनं मला आसनात बांधलं. मांड्यांचे पट्टे मी माझ्या हातानं ओढले. तो मागे उभा राहिला आणि वाऱ्याची वाट पाहायला लागला. वारा आला. तो धाव म्हणणार एवढ्यात मी म्हटलं, थांब. विचारलं नाही तू.

"तू समोर बसून राहिली," तो म्हणाला, "आता काय विचारू?"

मी म्हटलं, विचार.

त्यानं हातातले लगाम सारखे केले. मग एरवीसारखाच म्हणाला, "पायलं का वो मावशी?"

मी डोळे मिटले आणि सगळ्या दोऱ्या एकदा मनात मोजल्या. म्हटलं, पायलं गा. आणि धावले. बसायचं नाही, धावत राहायचं, हे मी शेकडो लोकांना सांगितलं होतं. पायाखाली जमीन संपली तरी मी धावतच होते. धनराज म्हणाला, मावशी, आता पुरे, आपण वर आहोत.

वरून काय दिसलं? माझ्या दुकानाचे पत्रे, हायवेवरचे ट्रक, त्यांतल्या एकावर मी शिवलेली ताडपत्री असणार. सुखदेवभाऊंचा धुरा दिसत नाही हे खरं. तलाव दिसला, ज्यात मी पंख धुतला होता, एवढासा, परातीएवढा. पण मी जास्त वेळ वरच पाहत होते. जो पंख मी इतकी वर्षं जमिनीवर पसरलेला पाहिला, तो भरून कसा दिसतो ते मला खालून कधी कळलं नव्हतं. उन्हात कापड पारदर्शक होते. माझी पहिली चिकटपट्टी त्यात दिसत होती, चारही कोपरे गोल. एकही उचललेला नव्हता. पडीतात उतरलो तेव्हा वनिता काठी टेकत आली आणि तिनं माझ्या मागची माती झटकली. माती लागलीच नव्हती, तरी झटकली.

याला आता काही वर्षं झाली. तो पंख म्हातारा होऊन निवृत्त झाला. त्याच्या कापडाच्या मी पिशव्या केल्या, सुईनं, मनसोक्त. आता नवा आहे. डोळ्यांनी मला कमी दिसते, म्हणून वनिता माझ्याबरोबर तपासते. ती माझ्याहून कडक आहे. दसऱ्याला आम्ही उडत नाही. पंख पिशवीतच राहतो, त्याला पाण्याचा शिंतोडा नाही, कुंकू पिशवीच्या बंदाला. पूजेला बसते ती टेप, पाच किलोचं माप आणि वही. हंगाम दुसऱ्या दिवशी उघडतो.

आणि अजूनही धनराज विचारतो. मी लगेच उत्तर देत नाही. रांगेतले लोक एकमेकांकडे पाहतात, कोणी हळूच म्हणते की मावशीला ऐकू कमी येते वाटते. वाटू दे. मी मनातल्या मनात डाव्या टोकापासून निघालेली असते, उजव्या टोकाला पोचते, आणि मग म्हणते.